ग्रुपवर टाकले आहे!

कोकण किनाऱ्यावरील दिघी आणि आगरदांडा यांच्यामध्ये राजपुरीची खाडी आहे, आणि ती ओलांडण्यास जंगलजेटी म्हणवणाऱ्या फेरीबोटीला जेवढा वेळ लागतो त्याहून पुष्कळच कमी वेळात ‘वाऱ्यामुळे फेरी बंद’ ही वार्ता व्हॉट्सॲप ग्रुपवरून दोन्ही काठांवरील मोबाइलांत जाऊन पडते, परंतु तिच्या माथ्यावर तत्काळ सुप्रभाताची फुले, वाढदिवसाचे केक आणि कोणाच्या तरी हरवलेल्या पाकिटाची कैफियत यांचा ढीग रचला जात असल्यामुळे, धक्क्यावर सहकुटुंब येऊन उभ्या राहिलेल्या गृहस्थास ती सर्वांच्या शेवटी कळते, आणि त्याने तक्रारीचा सूर लावताच भोवतालची मंडळी त्यालाच दरडावतात, “ग्रुपवर टाकलं होतं, बघायला नको?”

ई-मेलचा संप्रदाय अधिक सचोटीचा. पलीकडचा सर्व्हर बंद असल्यास इकडचा सर्व्हर रिवाजाप्रमाणे चार-पाच दिवस वारंवार खेटे घालतो आणि अखेरीस अपयशाची लेखी कबुली पाठवणाऱ्याच्या हवाली करतो. व्हॉट्सॲप मात्र न पोहोचलेला निरोप तीस दिवस सांभाळून निमूटपणे निकालात काढते. तथापि ई-मेल पोहोचला तरी उघडावा कोणी? मोबाइलच्या दुकानातील पोराने फोन सुरू करण्यापुरता जो पत्ता काढून दिला, त्याचा पासवर्ड त्या पोरालाही आता आठवत नाही.

व्हॉट्सॲपवरील निरोप पोहोचला मानावा की नाही, या प्रकरणी न्यायासनांनीही प्रसंग पाहून निवाडे दिले आहेत. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने निळ्या खुणा पाहून व्हॉट्सॲपवरील नोटीस तामील झाल्याचे मान्य केले. उलट जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, चौकशीस हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावू नये, असे फर्मावले.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने याच किनाऱ्यावर विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे लोळवले, तेव्हा दोन्ही पंथ सारखेच मुके झाले. अशा वेळी निरोप्या म्हणून माणूस गेला की तो उत्तर घेऊनच परततो. या यंत्रांनी मात्र कळवण्याची जबाबदारी सांगणाऱ्याच्या शिरावरून अलगद उचलून ऐकणाऱ्याच्या शिरावर ठेवली, आणि त्यालाच आपण सोय म्हणू लागलो.

तेव्हा निकाल असा: ज्याचा पुढेमागे पुरावा लागेल ते ई-मेलने धाडावे, ज्याची घाई असेल ते व्हॉट्सॲपवर लिहावे, आणि ज्यावाचून कोणाचे काम अडेल ते फोन करून सांगावे व ‘समजले’ एवढे त्याच्या तोंडून वदवून घेतल्याखेरीज फोन खाली ठेवू नये.