पत्तेरावांस अनावृत पत्र

रा. रा. पत्तेराव आयपीकर यांस,
मुक्काम पोस्ट : रोज नवं.

सा. न. वि. वि.

हे पत्र उघडं लिहितोय, त्यात धीटपणा वगैरे काही नाही. पाकिटावर काय लिहावं तेच कळेना. सोमवारी सकाळी तुम्ही एका आकड्यावर राहत होता. दुपारी दोनला वीज गेली, राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तोवर तुम्ही बिऱ्हाड हलवलेलं. मंगळवारी परत तेच. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना आमच्याकडं वीज दिवसातून किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत असेलच, कारण तेवढ्या वेळा तुम्ही घर बदलता. मेंढरं घेऊन फिरणारा ठेलारीसुद्धा वाडा उठवताना शेतमालकाला पुढचं गाव सांगून जातो हो.

माझी ओळख देतो. जळगावात हिशेब आणि करसल्ल्याचं माझं लहानसं ऑफिस आहे आणि धुळ्याला एक शाखा. शाखा म्हणजे एक खोली, एक जुना संगणक, एक पंखा आणि आबा. सरकारनं १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, त्यातला एक माझ्याकडं आणि एक आबांकडं आहे असं समजा. मधे एरंडोल, पारोळा आणि तुम्ही.

आमच्या एका पार्टीच्या सर्व्हरवर दारवान बसवलेला आहे. त्याच्याकडं यादी आहे. यादीत माणसांची नावं नाहीत, आकडे आहेत. यादीतल्या आकड्यावरून आलात तर आत, नाहीतर चालते व्हा. आबा अठरा वर्षं त्या पार्टीच्या वह्या लिहितात. पार्टीच्या मालकांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात आहेराची यादीसुद्धा आबांनीच केली होती. पण दारवानाच्या लेखी कालचे आबा आणि आजचे आबा हे दोन वेगळे इसम. रोज अकराला धुळ्याहून फोन : "भाऊ, आज बी नही लागी ऱ्हायनं."

ही रीत नवी आहे अशी माझी तक्रार नाही. पूर्वी पेढीवर हुंडी यायची. तिच्यावर 'शाहजोग' लिहिलेलं असलं तर ती ऐऱ्यागैऱ्याला वटत नसे. बाजारात ज्याची ओळख आहे अशा शाहाच्याच हातात पैसे पडत. आता सेबीनंही ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात तेच शाहजोग काढलं : प्रोग्रॅम लिहून शेअरचे सौदे पाठवायचे असतील तर ब्रोकरकडं नोंदवलेल्या कायम आकड्यावरूनच पाठवा. फरक एवढाच, की हुंडीच्या काळी शाहा रात्री झोपून सकाळी उठला तरी शाहाच असायचा.

आणि पत्त्याच्या गोष्टी तुम्ही आम्हाला शिकवाव्यात? १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला खानदेशाचं मुख्य ठाणं केलं आणि नव्या वस्तीचे रस्ते रेघेत आखून घेतले. आज धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. पाऊस आला, दंगल झाली, पांझरेला पूर आला, पण गल्ली नंबर पाच कधी सकाळी उठून गल्ली नंबर सदतीस झाली नाही. पिनकोडही बघा. श्रीराम भिकाजी वेलणकर नावाच्या मराठी माणसानं तो बसवला. डाक खात्यातला अधिकारी आणि संस्कृतात लिहिणारा कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून देश त्यावर चालतो. धुळं ४२४००१, जळगाव ४२५००१. वीज गेली म्हणून वेलणकरांचा आकडा कधी हलला नाही.

तुमची बाजू मात्र ऐकून घेतली आहे. माझा भाचा पुण्यात याच धंद्यात आहे, त्यानं तुमची वकिली केली. १९८१ मध्ये तुमचा नियम ठरला तेव्हा आकड्याला बत्तीस घरं दिली, म्हणजे जगाला मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. त्या वेळी ते कधी संपतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. त्यानंतर आलेल्या गिऱ्हाइकाला स्वतःचा पत्ता कुठून देणार? म्हणून कंपन्यांनी चाळ काढली. आत खोल्या शेकडो, रस्त्यावर दार एकच. नवे, लांबलचक पत्ते निघालेत आणि मोबाइलवर ते सर्रास चालतातही, पण आमच्या पार्टीच्या फॉर्मात चौकोन चारच.

आमच्या राउटरवर १०० नं सुरू होणारा आकडा दिसला तेव्हा मी, जळगावचा माणूस, खूश झालो. शंभर नंबरी! सराफ बाजारात हा शब्द उगाच कुणी तोंडातून काढत नाही. भाचा म्हणाला, "मामा, ती चाळीतल्या खोलीची खूण आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची जागा २०१२ मध्ये खास चाळींसाठीच राखून ठेवली. बाहेर तिला काडीची किंमत नाही." शंभर नंबरी म्हणून घेतलं आणि बेन्टेक्स निघालं.

आमच्या इंटरनेट कंपनीकडं (नाव घेत नाही, अजून तिचीच वायर वापरतोय) तुम्हाला कायमचं मागितलं. "तुमच्या प्लॅनमध्ये बसत नाही," असं उत्तर आलं. मग भाच्यानं मार्ग काढला : स्वतंत्र आयपी असलेला व्हीपीएन घ्या.

आता इथं मला हसू आलं ते अजून ओसरलेलं नाही. व्हीपीएनची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. अंधार, डोक्यावर टोपी ओढलेला माणूस, आणि 'कुणालाही कळू न देता वावरा'. गोलाणी मार्केटमध्ये मी नुसतं व्हीपीएनचं विचारलं तर शेजारच्या दुकानदारानं डोळा मारला : "काय भो, लपूनछपून काय पाहून ऱ्हायला?" त्याला काय सांगू? सगळं जग ज्या बुरख्यात तोंड लपवतं, तो मी विकत घेत होतो आपलं तोंड ओळखू यावं म्हणून. साध्या व्हीपीएनमध्ये हजार माणसांत मिसळून जायचं असतं. स्वतंत्र आयपी घेतला की गर्दी गेली. बुरखा आहे, पण त्यावर मोठ्या अक्षरात आपलं नाव.

बरं, बुरखेवाल्यांचीही तऱ्हा ऐका. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेनं २८ एप्रिल २०२२ ला फर्मान काढलं, की व्हीपीएन विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, त्याला दिलेले आकडे पाच वर्षं जपून ठेवावेत. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएननं भारतातले सर्व्हरच उचलले आणि सिंगापूर, इंग्लंडमध्ये बसून भारतीय आकडे द्यायला सुरुवात केली. म्हणजे रेशनकार्ड पारोळ्याचं आणि माणूस सिंगापुरात. मला नोंदीची भीती नव्हती, मी तर नोंद करून घ्यायलाच निघालो होतो. पण आबांचा हिशेब धुळ्याहून जळगावला सिंगापूरमार्गे जावा, हे काही मनाला पटेना. शिवाय भाड्याच्या आकड्याचा आधीचा भाडेकरू कोण होता हे कोण बघतं? त्यानं तिथून लाखभर फसवे मेल पाठवलेले असले, तर त्याचे घेणेकरी आपल्या दाराशी.

शेवटी मुंबईत एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला, त्याच्याबरोबर तुम्ही आलात, आणि धुळ्याहून तिथवर बोगदा खणायला भाच्यानं त्यावर वायरगार्ड बसवलं. हे चांगलं आहे, मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. दोन किल्ल्या असतात, एक लपवायची आणि एक सांगायची, प्रत्येकी चव्वेचाळीस अक्षरांची, शेवटी बरोबरचं चिन्ह. ती सांगायची किल्ली मी धुळ्याहून फोनवर उतरवून घेतली. "भाऊ, मोठा के का लहान के?" यात आमचा एक तास गेला आणि एकेचाळिसाव्या अक्षराला फोन कट झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता आली असती, हे आम्हा दोघांनाही जेवणानंतर सुचलं.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. चाळीचं दार विसराळू असतं. आतला माणूस थोडा वेळ गप्प राहिला की बाहेरून आलेला निरोप कुणाचा हेच त्याला आठवत नाही. म्हणून दर पंचवीस सेकंदांनी एक रिकामा निरोप पाठवायची सोय आहे. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणारा मधेमधे "हूं" म्हणतो ना, तेच. आमच्या आजीला कुणी हूं म्हटलं नाही तर तीही गोष्ट थांबवायची.

पहिल्या दिवशी चाललं. दारवानानं आबांना सलाम ठोकला. दुसऱ्या दिवशी अकराला फोन : "नही लागी ऱ्हायनं."

वायरगार्डचा स्वभाव असा, की पटलं नाही तर ते बोलतच नाही. चूक दाखवत नाही, नकार देत नाही. रुसलेल्या व्याह्यासारखं नुसतं गप्प. दोन दिवस किल्ल्या तपासल्या, राउटर झटकला, पंखासुद्धा बंद करून पाहिला. तिसऱ्या दिवशी आबांना म्हटलं, पडद्यावर काय काय दिसतंय ते कोपऱ्यापासून वाचा. आबांनी वाचलं, "भाऊ, आठे तं १ जानेवारी २००९ दाखाडी ऱ्हायनं."

संगणकातला घड्याळाचा सेल मेला होता. रात्री बटण बंद केलं की सकाळी घड्याळ २००९ मध्ये. आबा तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात बघतात, त्यांना काय पत्ता? पण मुंबईच्या सर्व्हरला या किल्लीनं आलेल्या शेवटच्या हाकेची वेळ पाठ. त्याहून जुन्या वेळेची हाक आली की त्याला वाटतं, कुणीतरी जुनं पत्र चोरून पुन्हा पेटीत टाकतंय, आणि तो दार उघडत नाही. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप नीट झालं असतं, पण इंटरनेट फक्त बोगद्यातूनच जाईल असं कुलूप आम्हीच हौसेनं घातलेलं. वेळ नाही म्हणून बोगदा नाही, बोगदा नाही म्हणून इंटरनेट नाही, इंटरनेट नाही म्हणून वेळ नाही. पत्तेराव, या भानगडीत तुमचा दोष नव्हता, तरी तीन दिवस शिव्या तुम्हीच खाल्ल्यात.

गोल सेल गोलाणीत तीस रुपयांना मिळाला. स्टँडवर गेलो, धुळ्याच्या गाडीत खिडकीशी बसलेल्या एका गृहस्थांच्या हाती पुडी दिली. नाव विचारलं नाही, त्यांनीही माझं विचारलं नाही. "गल्ली नंबर पाचात आबाले देजो," म्हटलं. ते म्हणाले, "कोणता आबा? चष्मावाला ना?" अडीच तासांनी सेल आबांच्या टेबलावर.

तेव्हापासून लागतंय. फक्त आबांच्या पडद्यावर हवामान मुंबईचं येतं. बाहेर डांबर वितळतंय आणि कोपऱ्यात ढग, थेंब, छत्री. आबा ते चित्र बघून पंखा एक नंबरनं कमी करतात, असा मला संशय आहे.

कळावे.

आपला,
जळगावचा एक हिशेबनीस

ता. क. : तुमचं या महिन्याचं भाडं कार्डावरून गेलं नाही, बँकेनं मुंबईच्या आकड्यावरून आलेला व्यवहार संशयास्पद म्हणून अडवला. उद्या शाखेत जाऊन मीच मी असल्याचं सांगून येतो. तोवर निघायची वेळ आलीच, तर पुढचा पत्ता ठेवून जा.