तक्रार निवारण अधिकारी साहेबांस,

माननीय साहेब,

आपलं पहिलं उत्तर पोचलं. ‘पडताळणी केली, नियमभंग आढळला नाही.’ माझ्या भाचीच्या नावाने कुणीतरी आपल्या समाजमाध्यमावर खातं काढलं, तिचा चेहरा भलत्याच बाईच्या उघड्या धडावर चिकटवला, खाली तिचा मोबाइल नंबर आणि ‘कधीही फोन करा’. लोक आज्ञाधारक, रात्री तीनलाही करत होते. आपल्याला वावगं दिसलं नाही म्हणजे आमचीच नजर वाईट.

पुन्हा तक्रार केली, तर ती तीच असल्याचा पुरावा हवा म्हणालात. आधार कार्ड, दोन्ही बाजूंनी, शिवाय ते हातात धरून फोटो. दिला. खातं काढणाऱ्याकडून काय घेतलं होतंत? एक ईमेल पत्ता. तो कोण, असं विचारताच आपल्या अंगात आलं: वापरकर्त्याची गोपनीयता आम्हाला पवित्र आहे! जिची अब्रू गेली तिने आधार दाखवायचा आणि घालवणारा आपल्या देव्हाऱ्यात.

गोपनीयतेशी माझं वैर नाही हो. 24 ऑगस्ट 2017ला सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी एकमताने तो मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. (खाल्ले सगळ्यांनी, कशाचे ते कुणी विचारलं नाही.) निरोप पहिल्यांदा कुणी धाडला ते शोधून द्या, या 2021च्या सरकारी नियमाला माझा आजही विरोध आहे. एका हरामखोरासाठी पाडलेलं भोक उद्या कुणाच्याही घरात डोकावेल. पण त्याच नियमांत असं चित्र 24 तासांत काढायचंही लिहिलं होतं, आणि ते काढायला कुणाचा बुरखा फाडावा लागत नाही. आपल्याला 11 दिवस लागले. आणि तो नंबर? ती कुणाचीच गोपनीयता नव्हती?

आपल्या पत्राखाली नाव नाही, नुसतं ‘टीम’. मला वाटतं, तिथे कुणी पोरगाच असेल, रात्रपाळीचा, असली शेकडो चित्रं बघत बसलेला, एकेकाला काही सेकंद. तुला झोप लागते का रे? आईला सांगतोस, काय काम करतोस ते?

भाचीने नंबर बदललाय. नवा मलाही फोनवर सांगितला नाही. घरी येऊन कागदावर लिहून दिला.

कळावे.

ता. क. आधारच्या त्या फोटोचं पुढे काय केलंत?