सूझांचा क्रूस कसा बघावा : माढेकर नवशिक्यांसाठी

साहित्य : पांढरा खडू, टेप, मोबाइल आणि घरी कोणी नसलेली दुपार.

चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझांचं ‘क्रुसिफिक्शन’ (१९५९) हे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. जायचंच असेल तर कुर्डुवाडीला गाडी बदला, पुढचं विचारत विचारत जा. तूर्त मोबाइलवर भागवू.

मोबाइलवर ते वीतभरही दिसत नाही. म्हणून भिंतीवर खडूने सहा फूट उंच, चार फूट रुंद चौकट आखा. चित्र एवढं आहे. चौकटीला पाठ टेकवून उभे राहा. आपण आत मावतो हे कळलं की निम्मं काम झालं.

आता स्क्रीन बघा. येशू काळा. रेघा अशा, की वेड्या बाभळीची फेसाटी कुंपणाला ओढून आणलीय. ‘हे काय काढलंय!’ असं तोंडावर आलं तर गिळू नका, मोठ्याने म्हणा आणि मोकळे व्हा. मग डोळे शोधा. सूझांच्या माणसांचे डोळे बरेचदा कपाळात असतात, बघणाऱ्याचेही जातात.

नवशिके इथेच अडतात. त्यांना कॅलेंडरवरचा गोरा, केस विंचरलेला येशू हवा असतो. त्यांनी शिवेवरच्या म्हसोबापाशी जाऊन यावं. दगडाला शेंदूर थापलेला, वर बटबटीत डोळे. तिथे कोणी म्हणतं का, नाक नीट नाही? मुकाट्याने नारळ फोडतो. देव देखणा असावा ही अट आपण फक्त चौकटीतल्या देवाला घालतो. बरं, हा प्रसंग खिळे ठोकून माणूस मारण्याचा. दुपारी बारा ते तीन अंधार पडला होता, असं शुभवर्तमानच सांगतं. सूझांनी काळं काही फासलं नाही. कॅलेंडरवाल्यांनी दिलेला चुना तेवढा खरवडला.

असा येशू सूझांना परकाही नव्हता. जन्म गोव्यातल्या साळगावचा, १९२४ चा. लहानपणी देवी आल्या. पोरगा वाचला तर पाद्री करीन, असं आई बोलली. पोरगा वाचला, पाद्री काही झाला नाही. चर्चमधला रक्ताळलेला लाकडी येशू मात्र त्याच्या डोक्यातून हलला नाही. पुढे ‘चले जाव’च्या धामधुमीत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांचं नाव काढून टाकलं गेलं.

सोलापूर जिल्ह्याचा धागा हवा असेल (आपल्याला लागतोच) तर पंढरपूर घ्या. तिथे जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन सूझांच्याच प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते. तो १९४७ साली निघाला.

चित्र आवडलंच पाहिजे असं नाही. खडूची चौकट मात्र लगेच पुसू नका. दिवेलागणीच्या आधी, खोलीत अंधारून येईल तेव्हा, मोबाइल बाजूला ठेवून तिच्यासमोर एकदा उभे राहा.