फियाटवाले काका

वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान सकाळी सगळ्यात आधी उघडणारी माणसं बहुधा वयस्कर असतात आणि आपल्यातलं कोण गेलं ते बघत असतात. फियाटवाले काका मात्र कोणाच्या दारातली गाडी पोरकी झाली ते बघतात. फोटो, वय, 'पश्चात दोन मुलं, सुना, नातवंडं' इथवर वाचून ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "अरेरे. एकोणसत्तरची डिलाइट होती यांच्याकडे. बंपर अगदी मूळचा." मग काकू चहा आणेपर्यंत गप्प. हे दुःख खोटं नसतं, एवढं आधीच सांगून टाकतो. फक्त ते निर्भेळ नसतं.

हा प्राणी पुण्यात कोथरूडला आढळतो, ठाण्यात नौपाड्यात, नाशकात, आणि कोल्हापुरात तर हमखास. बँकेतून किंवा सरकारी खात्यातून निवृत्त. अर्धी चड्डी, बनियनवर जळक्या ऑइलचे डाग, नखांत कायमचं ग्रीस. नोकरीत असताना यानं घरातला बल्ब कधी बदललेला नसतो. आजही मोरीतला नळ ठिबकतोच आहे आणि त्यावर काकांचं उत्तर 'प्लंबरला फोन कर' हेच आहे. पण सोलेक्सचा कार्ब्युरेटर समोर ठेवा, गप्पा मारता मारता खोलून, जेट फुंकून, पुन्हा जोडून देतील.

गाडी वडिलांची. ती मिळाली कशी, ही कथा घरात सत्यनारायणाच्या पोथीसारखी वाचली जाते आणि तिचेही अध्याय आहेत. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचे ते दिवस. नोंदणीच्या पावतीलासुद्धा वरचा भाव यायचा. वडिलांनी पैसे भरले तेव्हा काकांची मुंज व्हायची होती. गाडी दारात आली तेव्हा काकांना मिसरूड फुटलं होतं. पुढचा अध्याय वालचंद हिराचंदांचा. सोलापूरच्या या माणसानं १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि मग कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर गाड्या निघू लागल्या. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यावरच गिअर आणि पुढे सलग बाकासारखी सीट, ज्यावर मधे एक पोरगं सहज मावायचं. १९७४ साली तिचं नाव पद्मिनी झालं. त्यामुळे आपण चुकून 'काका, तुमची पद्मिनी' म्हणालो की काका थांबतात. "पद्मिनी नंतरची. आपली फियाट." पुढे गिअर दांड्यावरून खाली जमिनीवर आला, तिथून देशाचं काय झालं ते आपण बघतोच आहोत, असं त्यांचं मत आहे.

ही फियाट वडील गेल्यावर ताडपत्रीखाली गेली. मांजरांच्या पिढ्या तिच्यात वाढल्या. फ्लोअरचा पत्रा इतका खाल्ला गेला की मागच्या सीटवर बसून पाय थेट जमिनीला टेकत. मुलं म्हणाली, भंगारात द्या. काका निवृत्तीची वाट बघत होते. सेंडऑफची शाल अंगावर होती तशीच त्यांनी बॉनेटवर टाकली आणि कामाला लागले.

आता, नवा पार्ट आणायचा कुठून? सुरुवात पुण्यातल्या नाना पेठेतून होते. तिथले जुने दुकानदार माळ्यावरून एखादं धूळ खाल्लेलं खोकं काढून देतात, नाहीतर 'आता येत नाही' म्हणतात. मग बुधवारी आणि रविवारी जुना बाजार. तिथेही नाही मिळालं तर पहाटेची गाडी पकडून कुर्ल्याचं भंगार. गाडीचा जन्म कुर्ल्यातला आणि पोस्टमॉर्टेमही कुर्ल्यातच, याचं काकांना वाईट वाटतं. पण हेडलाइटची रिंग शाबूत मिळाली की ते वाईट वाटणं जरा कमी होतं.

भंगारबाजारात काकांचे नियम आहेत. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही, तिच्या शेजारच्या वस्तूचा भाव विचारायचा. कपडे जुने. पार्ट कशासाठी हवाय असं विचारलं तर 'शेतावरच्या पंपाला' म्हणायचं. काकांना शेत नाही. जुन्या बाजारातला एक पोरगा हे सगळं नाटक निमूटपणे बघून घेतो आणि मग गोणपाटाखाली हात घालतो. "साहेब, फियाटचा डिस्ट्रिब्यूटर ना? परवाच आलाय. तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय. पंप कसाय शेतावरचा?" काका मागितलेली किंमत मुकाट्यानं देतात.

दुसऱ्या गाडीचा पार्ट मात्र चालत नाही. डायनॅमो काढून अल्टरनेटर टाका, दिवे नीट लागतील, असं कुणी सुचवलं तर काका त्याच्या घरचं पाणी पीत नाहीत. दिवे नीट लागणं हा त्यांच्या दृष्टीनं दुय्यम प्रश्न आहे.

बाजार संपला की माणसं. इथे काकांचं खरं कौशल्य दिसतं. सांत्वनाला जाण्याची त्यांची पद्धत फार सभ्य आहे. पांढरा सदरा, आवाज खाली, चपला काढता काढता एक नजर अंगणाच्या कोपऱ्यात. मग घरातल्या बाईंच्या समोर बसायचं.

"शेवटी शेवटी फार थकले होते हो," बाई सांगतात.

"किती वर्षं उभी... म्हणजे, बसूनच होते का?"

"छे, तसे हिंडतेफिरते होते."

"चढाला दम लागत असेल."

"हो ना! जिना चढायचा म्हटलं की लागायचाच."

"आणि आवाज? घरघर?"

बाईंना भरून येतं. इतकी बारीक चौकशी सख्ख्या दिरानंही केलेली नसते. तेराव्यानंतर मुलगाच फोन करतो, की काका, बाबांची गाडी खाली पडून आहे, भंगारवाला मागे लागलाय. काका म्हणतात, घाई करू नकोस, वडिलांची वस्तू आहे. आठवण म्हणून तू स्टेअरिंग ठेव, बाकीचं मी बघतो. स्टेअरिंग त्यांच्याकडे आधीच दोन आहेत.

इथे वाचकाला काकांचा राग आला असेल, तर त्यांच्या बाजूचंही ऐका. गाडी खरंच मरून गेलेली असेल तरच काका तिला हात लावतात. पत्रा धड असला, इंजिन हातानं फिरत असलं, तर त्यांच्याच्यानं एक स्क्रूही काढवत नाही. मग ते त्या पोराच्या मागे लागतात, की विकू नकोस, उभी कर. त्याला टॅपेट कसे लावायचे ते शिकवतात, फीलर गेज नसेल तर पॉइंटच्या फटीत व्हिजिटिंग कार्ड सरकवून कसं भागवायचं तेही दाखवतात. आणि गाडीला काही कमी असेल, तर आपल्या गाडीचं काढून देतात. काकांची गाडी कधीच पूर्ण का होत नाही, याचं कारण सोसायटीला वाटतं तसा आळस नाही. ती जेवढी भरते तेवढीच वाटली जाते. मागच्या उजव्या दाराचं काच फिरवायचं हँडल असंच एका पोरक्या फियाटला गेलं.

३० ऑक्टोबर २०२३ हा काकांच्या आयुष्यातला मोठा शोकदिवस. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं ठरलेलं. शेवटची काळीपिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, म्हणून तिची मुदत त्या दिवशी संपली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळहळले. काका पहाटेच मुंबईला गेले. एका टॅक्सीच्या टपावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले, चालकाच्या गळ्यात पडले, दोघंही रडले. नंतर डोळे पुसून काकांनी विचारलं, "मागच्या दाराची काच मूळचीच ना?" इंजिनात त्यांना रस नव्हता, सीएनजीवर पळून पळून त्याचा चोथा झालेला असतो. पण दाराच्या बिजागऱ्या, कुलपं, वायपरचे दांडे! त्या संध्याकाळी डेक्कन क्वीननं परतताना त्यांची पिशवी जड होती आणि मनही जड होतं. दोन्ही त्यांनी कोणाला उचलू दिलं नाही.

घरी आणलेला माल स्वयंपाकघरात जातो. किंगपिनचं बुश फ्रीजरमध्ये मटारांशेजारी रात्रभर ठेवायचं, म्हणजे ते थंडीनं आकसतं आणि हातोडीविना भोकात बसतं. बेअरिंगचं उलट: गरम तेलात बुडवायचं, फुगलं की शाफ्टवर सरकवायचं. यासाठी काकूंची तळणीची कढई. "दिवाळीत आधी ह्यांचं बेअरिंग निघतं, मग माझ्या करंज्या," असं काकू सांगतात, पण तक्रारीच्या सुरात नाही. लग्नानंतर सासऱ्यांनी ह्याच गाडीतून त्यांना घरी आणलं होतं. आणि कान काकूंचाच तयार आहे. परवा काका प्लगच्या वायरी लावून इंजिन सुरू करत होते, गाडी नुसती खोकत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पोळपाट-लाटण्याच्या आवाजात काकूंचा आवाज आला, "अहो, एक-तीन-चार-दोन! दोन आणि तीन उलट्या लागल्यात!" काकांनी वर न बघता वायरी बदलल्या. गाडी लागली. सेक्रेटरींच्या वाळत घातलेल्या धोतरावर काजळी बसली, त्याची नोटीस अजून बोर्डावर आहे.

आता कागदपत्रांचं. २०२१ च्या जुलैत केंद्रानं नियम केला, की पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येईल. नव्यानं नोंदवायची तर फी वीस हजार, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट एकच, की रोजच्या वापराला गाडी काढायची नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. सोसायटीत सगळ्यांनी काकांना धीर दिला. काका मात्र खुशीत होते. प्रदर्शनं सोडली तर पेट्रोलपंप आणि गॅरेज यापलीकडे त्यांची फियाट गेली कुठे होती? सरकारनं तिची दिनचर्याच राजपत्रात छापली, एवढंच. उन्हाळ्यात तर पंपावरून परत येतानाही ती वाटेत बंद पडते. मग फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून, तो गार होईपर्यंत काका शेजारच्या झाडाखाली उभे राहतात आणि थांबलेल्या प्रत्येकाला वालचंद हिराचंदांचा अध्याय ऐकवतात.

सध्या गाडी पूर्ण झाली आहे, ते एक हँडल सोडलं तर. मागच्या उजव्या खिडकीची काच पक्कडीनं फिरवावी लागते. तेव्हा वाचकांना विनंती: माळ्यावर, गॅरेजमध्ये, आजोबांच्या ट्रंकेत असं एखादं हँडल असेल तर फियाटवाल्या काकांना जरूर कळवा. विकायचं नसलं तरी हरकत नाही, ते नुसतं बघायला येतील. येतील तेव्हा आधी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीची चौकशी करतील. ती मनावर घेऊ नका.