मोठ्या शिकारीसाठी एकच कॅलिबर: अमिरातीत नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

पुतण्याला दुबईत नोकरी लागली. व्हिसा यायचा होता, तिकीट निघायचं होतं, आणि त्याआधीच कोल्हापुरातून त्याचा फोन आला. "काका, तिकडं वाळवंटात शिकार असते म्हणं. मग रायफल कुठल्या कॅलिबरची घेऊ? एकच घ्यायची, सगळ्याला चालंल अशी." पोरगं तीन आठवडे रात्र-रात्र जागून आफ्रिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ बघत होतं. मी शारजात अठरा वर्षं काढली आहेत. अशा प्रश्नावर हसायचं नसतं, एवढं मला आता कळतं. त्याला जे सांगितलं ते इथं पायरीपायरीने लिहून ठेवतो, कारण त्याच्यासारखे आणखीही निघतील.

पायरी पहिली: आधी आकडे समजून घ्या.

कॅलिबर म्हणजे नळीच्या पोकळीचं माप. 'थर्टी-ऑट-सिक्स' असं कुणी म्हणालं की मान डोलवायची, पण अर्थ ठाऊक असावा. तीस म्हणजे इंचाचे तीस शतांश, आणि सहा म्हणजे १९०६, अमेरिकी सैन्याने ते काडतूस स्वीकारलं ते साल. १९५२ साली आलेलं .३०८ हे त्याचंच आखूड भावंड. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडचं .३७५ हे १९१२ चं. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी हत्ती, रानरेडा यांच्यासाठी याहून बारीक काही चालत नाही. आपल्याकडच्या 'बारा बोअर'चं गणित मात्र वेगळं. नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून बारा. त्यामुळे इथं आकडा वाढला की बंदूक बारीक होते. वीस बोअर बारापेक्षा लहान. हे कळायला मला दोन दिवाळ्या लागल्या होत्या. गावाकडच्या जुन्या वाड्यांत एखादी 'तीनशे पंधरा' भिंतीला टांगलेली दिसायची. सैन्याची काडतुसं खाजगी बंदुकीत चालू नयेत, या इंग्रजी सावधगिरीतून हे वेगळं माप रुळलं.

तर एकच घ्यायची झाली तर उत्तर सोपं आहे: थर्टी-ऑट-सिक्स. साधारण दहा ग्रॅमची गोळी घाला, हरणाला पुरते; चौदा ग्रॅमची घाला, सांबराएवढ्या जनावरालाही चालते. काडतूस जगात कुठंही मिळतं. प्रश्न मिटला.

पायरी दुसरी: जनावर निवडा.

वहीत यादी करा आणि शेजारी लाल पेन ठेवा. सगळ्यात वर अरबी ओरिक्स लिहा, पांढरंशुभ्र, सरळ लांब शिंगांचं, सत्तर-एक किलोचं. हे १९७२ साली जंगलातून संपलं. पाळलेल्या कळपांतून पुन्हा वाढवून ते परत सोडलंय. दुबईच्या वाळवंट राखीव क्षेत्रात, २२५ चौरस किलोमीटरच्या कुंपणाआड, पर्यटक जीपमधून त्याचे फोटो काढतात. लाल रेघ. मग वाळवंटातलं रीम हरण, वीस-एक किलोचं, संरक्षित. रेघ. मग ताहर, हजर डोंगरातला, आपल्या बोकडाएवढा आणि तेवढाच हट्टी, तोही संरक्षित. रेघ. शेवटी उंट उरतो. आकाराने सगळ्यात मोठा तोच, रस्त्याच्या कडेला निवांत उभाही असतो. पण या देशात बिनमालकाचा उंट नाही, आणि शर्यतीचा असेल तर त्याच्या किमतीत आपल्याकडं फ्लॅट येतो. जाड रेघ मारा.

वही आता कोरी झाली असेल. काळजी करू नका, पुढे जाऊ.

पायरी तिसरी: सामान भरताना.

पशुपक्ष्यांच्या शिकारीवर इथं १९८३ चा संघीय कायदा क्रमांक ९ आहे. रायफल तर सोडाच, वापरलेल्या काडतुसाची पितळी पुंगळीसुद्धा बॅगेत नको. एका मित्राला गावाकडून कुणी हौसेने काडतुसाची कीचेन दिली होती. एका विमानतळावर ती एक्स-रेत दिसली आणि गड्याला साडेतीन तास एका खोलीत बसवलं. चहा दिला, म्हणाला, पण साखर कमी होती. चिवडा, मेतकूट, कांदा-लसूण मसाला खुशाल आणा.

पायरी चौथी: बाजार बघा.

अबू धाबीत २००३ पासून शिकार आणि घोडेस्वारीचं मोठं प्रदर्शन भरतं, त्याला आडिहेक्स म्हणतात. तिथं रायफली आहेत की! काचेमागं, दिव्याखाली, अक्रोडाच्या दस्त्यावर नक्षीकाम केलेल्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तासभर त्याच रांगेत रेंगाळलो. मागं वळलो आणि चुकून पुढच्या दालनात शिरलो. तिथं माणसांचे आवाज खाली आलेले. हिरव्या गवतासारख्या गालिच्यावर ओळीने खुंट्या रोवलेल्या आणि प्रत्येकीवर एकेक ससाणा, डोक्यावर चामड्याची टोपी घालून बसलेला. त्या टोपीला इथं 'बुर्का' म्हणतात, खुंटीला 'वकर', आणि मनगटावर चढवायच्या जाड पट्ट्याला 'मंगला'. टोपीतला एक ससाणा हळूच मान वाकडी करून माझ्या पावलांचा आवाज ऐकत होता. मी आणखी जवळ गेलो. कंदुरा, म्हणजे इथला लांब झगा, घातलेल्या एका वयस्क माणसाने मला खांद्याला धरून बाजूला ओढलं. क्षणात जिथं मी उभा होतो तिथं पांढरी पिचकारी पडली. ससाण्याच्या मागं उभं राहायचं नाही, या मार्गदर्शकातला हा सगळ्यात कामाचा नियम.

अमिरातीतली खरी रायफल ही. तिला पिसं असतात.

पायरी पाचवी: आता कॅलिबर निवडा.

एकच घ्यायचा, सगळ्याला चालणारा, असं म्हणत असाल तर तो सेकर. अरबीत 'सक्र' म्हणजे ससाणाच. हा इथला थर्टी-ऑट-सिक्स. काटक, उन्हाला टिकणारा, जमिनीलगत पाठलाग करताना न कंटाळणारा. बहिरी ससाणा, म्हणजे इथला शाहीन, उंचावरून सूर मारताना ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. पण पायाला फोड येणं आणि लहानसहान कुरबुरी त्याच्या मागं फार. तिसरा जिर. उत्तर ध्रुवाजवळचा, आकाराने सगळ्यात मोठा, पांढरा असेल तर किमतीचा आकडा ऐकून घाम फुटतो. घाम त्यालाही फुटला असता, पण त्याची खोली एसीची असते. हा .३७५, मिरवायला उत्तम, रोजच्या वापराला महाग. म्हणून जाणते लोक जिर आणि सेकरचा संकर घेतात. आणि सगळ्यांत एक लक्षात ठेवा: मादी नरापेक्षा बरीच मोठी, तेव्हा जड कॅलिबर हवं तर मादी घ्या. आमच्या घरी हे वाक्य वाचून दाखवलं तेव्हा बायकोने फक्त मान हलवली.

कागदपत्रंही आहेत. २००२ पासून इथं ससाण्याला पासपोर्ट मिळतो, तीन वर्षांचा. अबू धाबीत १९९९ पासून त्यांचं स्वतंत्र इस्पितळ आहे. आत ओळीने खुंट्यांवर पेशंट बसलेले, आपल्याकडच्या ओपीडीपेक्षा कितीतरी शांत. नखं घासून देतात, आणि मोडलेल्या पिसाच्या जागी तसंच दुसरं पीस बारीक काडीने जोडून देतात. ते जोडकाम डोळ्यांनी बघावं. माझ्या दाढेची कॅप बसवताना कुणी इतका हात हलका ठेवला नव्हता.

आणि मोठी शिकार? हुबारा. आपल्या नान्नजच्या माळढोकाचा धाकटा चुलतभाऊ, दीड-दोन किलोचा. तोही मोकळा मारता येत नाही. पिंजऱ्यात वाढवलेले हुबारे हंगामात ठरावीक ठिकाणी सोडतात, जसं अल धफ्रा भागातलं अल मर्झूम, आणि तिथं शिकार ससाण्यानेच करायची, जुन्या पद्धतीने. हुबाराही काही भोळा नाही. ससाणा अंगावर आला की तो चिकट विष्ठा नेमकी त्याच्या पंखांवर उडवतो. पंख चिकटले की पासपोर्टवाला शिकारी जमिनीवर.

बंदूक का नको, याचं उत्तर अमिरातीचे संस्थापक शेख झायेद यांच्या एका आठवणीत सापडतं. तरुणपणी ते रायफल घेऊन वाळवंटात गेले, हरणांचा अफाट कळप समोर आला, आणि काही वेळातच त्यांनी १४ हरणं पाडली. मग तिथंच विचार करत राहिले, आणि अशी बंदुकीची शिकार चालू राहिली तर जनावरं संपतील हे त्यांना उमगलं. बंदूक ठेवली, ससाणा ठेवला. १९७६ साली अबू धाबीत ससाणेवाल्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद त्यांनीच भरवली. मला या गोष्टीतला आकडा महत्त्वाचा वाटतो. माणसाने मोजली होती.

हे पुतण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आपल्या शाहू महाराजांच्या चित्त्यांसारखं." बरोबर बोलला. कोल्हापूर संस्थानात शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडायचे. त्यांना सांभाळणारे चित्तेवान असायचे, आणि डोळ्यांवर टोपी चित्त्यालाही असायची. आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले तेव्हा संस्थानाने आफ्रिकेतून मागवले. १९५२ ला भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं, आणि २०२२ ला आपण तो पुन्हा आफ्रिकेतूनच आणला, कुनोत. चार पायांचं कॅलिबर जपायचं आपल्याला जमलं नाही. इथल्यांनी पिसांचं जपलं, थोडं उशिरा का होईना.

पायरी सहावी: तरीही चाप ओढायचाच असेल तर.

हौस वाईट नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० ला जागतिक विजेतेपद आणलं, कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य, दोघांची रायफल .२२ ची, म्हणजे पुतण्याच्या व्हिडिओंतल्या माणसांनी हसून बाजूला ठेवली असती अशी. अमिरातीचं पहिलं ऑलिंपिक सुवर्णही नेमबाजीतलंच, अथेन्स २००४, डबल ट्रॅप. त्याच स्पर्धेत आपल्या राज्यवर्धन राठोडांचं रौप्य.

तेव्हा पुतण्या आल्यावर त्याला जबल अलीच्या शूटिंग क्लबात नेलं. भाड्याची बारा बोअर, मातीच्या नारिंगी चकत्या, एका फेरीत पंचवीस. त्याने दोन फोडल्या. तिसरीचा कोपरा उडाला असं त्याचं म्हणणं आहे, शिक्षकाचं तसं नाही. परतताना शेख झायेद रोडवर तो उजवा खांदा चोळत गप्प बसला होता. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली तेव्हा त्याने मोबाइल माझ्यापुढं धरला. पडद्यावर सेकरची मादी होती.

"काका," तो म्हणाला, "ही रूममध्ये ठेवायला घरमालक परवानगी देईल का?"

त्याच्या रूममध्ये सहाजण राहतात, आणि मोकळी आहे ती फक्त वरची बंकबेड.