घोरणं कुठं गेलं?

"काय हो सुमनवहिनी, हल्ली रात्री तुमच्याकडून आवाजच नाही. भाऊजी गावाला गेलेत?"

"घरातच आहेत, मंदाताई! नाकाला मास्क लावून झोपतात. सीपॅप म्हणतात त्याला."

"अगं बाई, ऑक्सिजनवर?"

"छे हो, साधी हवाच. झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट मिटते, ती मशीन हवेच्या दाबानं उघडी ठेवतं."

"पण घोरण्याला मशीन? आमच्यात त्याला गाढ झोप म्हणतात."

"घोरण्याची सवय होती हो मला. मधेच सगळं गप्प व्हायचं ना, तेव्हा पोटात गोळा यायचा. मग एकदम आचका देऊन पुन्हा सुरू. शेवटी मोबाइलवर शूटिंगच केलं नि डॉक्टरांना दाखवलं. सकाळचं डोकं दुखणं, रात्री लघवीला उठणं, गोळ्यांनी न हलणारं बीपी, सगळे एकाच माळेचे मणी निघाले!"

"मग ॲडमिट केलं?"

"टेस्ट घरीच झाली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी नळी. रिपोर्ट आला, तासाला 38! म्हणजे तासाभरात 38 वेळा श्वास थांबतोय नाहीतर अर्धाच येतोय, आणि एकेक खेप निदान 10 सेकंदांची. 5 च्या आत ठीक, 30 च्या वर गंभीर."

"आणि मशीन मुकाट्यानं लावलं?"

"मुकाट्यानं कसलं! मिशीमुळे मास्क बसेना, वारा डोळ्यांत. मिशी काढा म्हटल्यावर तर घरात सुतकच. मग नुसता नाकपुड्यांना टेकणारा मास्क मिळाला, मिशी वाचली. शनिवारची बैठक मात्र गेली. दारूनं घसा आणखी सैल पडतो म्हणे. तेच जास्त लागलंय त्यांना."

"ऑपरेशन नाही का?"

"असतं, पण सगळ्यांना लागू पडत नाही. दुखणं सौम्य असलं तर दाताचे डॉक्टर जबडा पुढे धरणारी पट्टी देतात. ह्यांना वजनही उतरवायला सांगितलंय."

"बरंय, बायकांना नसतं हे."

"कोण म्हणतं? पाळी गेल्यावर वाढतं. परवा भजनात तुम्ही माझ्या खांद्यावर..."

"ते बुवाच रटाळ होते!"

"आणि काल गिरणीत दळण होईपर्यंत घोरत होतात, तिथं कुठले बुवा?"

"...डॉक्टरांचा नंबर देऊन ठेवा. पण आमच्या ह्यांच्या कानावर घालू नका हं. इतकी वर्षं घोरता म्हणून मी त्यांनाच हॉलमध्ये झोपवतेय."