अँगलकाका

डोंबिवलीतलं पूल पार्लर बहुधा पहिल्या मजल्यावर सापडतं, आणि त्याच मजल्यावर एखादा दहावी-बारावीचा क्लास असतो. जिना एकच असल्यामुळे ‘क्लासला जातो’ हे पोरांचं वाक्य निम्मं तरी खरं ठरतं.

आत टेबलाशेजारच्या बाकड्यावर अँगलकाका बसलेले असतात. फडके रोड असो, ठाण्यातला नौपाडा असो की कल्याणचं खडकपाडा, नग बदलतो, घडण तीच. पन्नाशी उलटलेली, पायाशी ऑफिसची सॅक. खेळायला ते आलेले नसतातच. स्टेशनबाहेरची रिक्षाची रांग ओसरेपर्यंत जरा टेकायला आलेले असतात. ही रांग रात्री साडेनऊपर्यंत ओसरत नाही.

काका मूळचे कॅरमवाले. सोसायटीच्या गणेशोत्सवातली ढाल अजून शोकेसमध्ये आहे. त्यामुळे पूल म्हणजे काठीने खेळायचा कॅरम, हा त्यांचा सिद्धांत.

“सोपं आहे रे. पंधरा बॉल. १ ते ७ सॉलिड, ९ ते १५ पट्ट्यांचे, ८ नंबर काळा. रॅक लावताना काळा मधोमध, मागच्या दोन कोपऱ्यांत एक सॉलिड, एक पट्ट्याचा. ब्रेकनंतर जो नीट घालशील तो तुझा गट. सातही गेल्याशिवाय काळ्याकडे बघायचं नाही. आपली राणीच समज, फक्त शेवटी घ्यायची आणि कव्हर लागत नाही.”

इथपर्यंत काका बिनचूक असतात. पंचाईत पुढे होते. क्यूच्या टोकाला ते चॉक लावतात तो कॅरमवर बोरिक पावडर भुरभुरावी तसा. पावडर सोंगटी घसरावी म्हणून असते आणि चॉक क्यू घसरू नये म्हणून, हा क्षुल्लक फरक त्यांनी मनावर घेतलेला नाही.

मग अँगल. “ज्या कोनात जाईल त्याच कोनात परत येईल, नववीचं विज्ञान!” नववीच्या पुस्तकातला किरण असा वागतोही. इथे रबराची कुशन असते. जोरात मारलं की कोन आवळतो, पांढऱ्याला बाजूची फिरकी बसली की आणखीनच भलतीकडे जातो. बॉल चुकला की काका म्हणतात, “अँगल बरोबर होता.”

इतिहासही पाठ आहे. “विल्सन जोन्स, आपल्या पुण्याचा! १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचा हौशी विश्वविजेता. त्याच्याआधी भारतातून एकट्याच्या बळावर कुणी जगज्जेता झालं नव्हतं. आणि बॉल किती? तीन! बाळा, बॉल जितके जास्त, तितकं कौशल्य कमी.”

“मग काका, स्नूकरला बावीस असतात.”

काका चॉक मागतात.

त्यांचा खरा अधिकार मात्र नियमांवर. समोरच्याचा फाऊल झाला की पांढरा उचलून हवा तिथे ठेवायचा, कारण आंतरराष्ट्रीय नियम. स्वतःचा फाऊल झाला की समोरच्याने तो रेषेच्या मागेच ठेवायचा, कारण “ठाण्यात असंच खेळतात.” ठाण्यातले अँगलकाका त्याच क्षणी कुणाला तरी डोंबिवलीचा दाखला देत असतात. दोन्ही ठिकाणी खात्री करायला कुणी जात नाही. संध्याकाळच्या लोकलला उलट दिशेने जाणं तसं सोपं आहे, पण नियमासाठी कोण जाणार?

कधीतरी पोरं आग्रह करतात, “काका, एक फ्रेम?” हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे. काका शर्टाच्या बाह्या सरसावतात. खरं सांगायचं तर हात वाईट नाही. वर्षानुवर्षं कॅरमवर नेम धरलेला माणूस, सातही सॉलिड घालतो. काळा मधल्या पॉकेटच्या तोंडाशी, नुसती फुंकर पुरे. काका मारतात ते मात्र समोरची पट्टी हादरवून परत आणायच्या बेताने. काळा जातो. पाठोपाठ पांढराही जातो.

“हरलात, काका.”

“हरलो कसा? स्ट्रायकर गेला, ड्यू बसला. एक बॉल बाहेर काढा आणि पुढे चला.”

“ठाण्यात असंच खेळतात का?”

काका पैसे काढतात. जिंकलेल्या पोराला ते जाता जाता सांगतात की क्यू टेकवताना त्याचा अंगठा चुकतोय. काउंटरवरच्याला बजावतात, “खालची स्लेट तपासून घे रे, टेबलाला कल्याणच्या बाजूला उतार आहे.”